खडकावरचे कंद

ओनोरीनने ओढ्यात उतरून आपल्या खड्ड्यावरची पानं बाजूला सारली, तर आत पाण्याशिवाय काही नव्हतं. कसाव्याचे दोन टोपल्या कंद तिने इथे भिजत घातले होते. तीन रात्री भिजले की त्यांच्यातलं विष उतरतं. चौथ्या सकाळी काढून सोलायचे, नाहीतर नासतात. आता तर ऊन डोक्यावर आलं होतं.

दुसऱ्या बाईच्या खड्ड्याला हात लावायचा नाही, हा ओढ्याचा कायदा. तो फक्त बंदूकवाल्यांनीच मोडला होता. करार होऊनही चोऱ्या चालूच म्हणायच्या, असं ती पुटपुटली.

उशीर तिने स्वतःच केला होता. सकाळी ओढ्यावर फिलोमेन असते, आणि तिच्यासमोर जायची ओनोरीनची हिंमत होत नव्हती.

परवा आंब्याखाली मुखियाने कराराचा कागद वाचून दाखवला. टोळीतली पोरं बंदुका टाकून पलीकडच्या गावातल्या बंद शाळेत येऊन बसली होती. ज्या घरातलं माणूस त्यांच्या हातून गेलं, त्या प्रत्येक घराने अंगठा दिला तरच त्यांना गावात घेणार होते. त्या पोरांत ओनोरीनचा एकुलता एक ब्रिस होता. फिलोमेनच्या नवऱ्याला मारलं ते याच टोळीने. त्या दिवशी ब्रिस तिथे होता का, हे ओनोरीनने कधी कोणाला विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटायची. एकेक अंगठा उमटत गेला. फिलोमेनची पाळी आली तेव्हा ती उठली, माझे कंद पाण्यात आहेत म्हणाली आणि चालू लागली. मुखियाने कागद घडी करून खिशात ठेवला.

रिकामी टोपली घेऊन ओनोरीन चढण चढली. वर सपाट खडकावर बायका कंद वाळत घालतात. तिथे फिलोमेन एकटीच बसली होती. तिच्यापुढे सोललेल्या तुकड्यांचे दोन वाफे पांढरेशुभ्र पसरले होते, आणि एकाच्या टोकाला ओनोरीनच्या खड्ड्यावरची खुणेची लाल चिंधी दगडाखाली दाबून ठेवली होती.

"नासले असते," फिलोमेन वर न बघता म्हणाली. "एवढे कशाला घातलेस गं? एकट्या बाईला दोन टोपल्या?"

कशाला घातले ते दोघींनाही ठाऊक होतं. ब्रिस लहानपणी कुणाच्या चुलीवर आधी शिजतंय ते बघून दोन्ही घरी जेवायचा.

ती वाफ्याशी उकिडवी बसली. काही तुकड्यांवर निळसर डाग दिसले. बुरशी म्हणजे तुकडा फेकूनच द्यायचा. पण एका सकाळीत बुरशी कशी धरेल? तिने नखाने एक डाग खरवडला. तो जाईना. दुसरा खरवडला.

"राहू दे," फिलोमेन म्हणाली. "शाई आहे ती. आंघोळ केली, राखेने घासली, तरी जात नाही. पहाटे मुखियाला उठवला मी. म्हातारा अर्धवट झोपेत होता, अख्खा अंगठा बुडवायला लावला मेल्याने."

तिने उजवा अंगठा पुढे केला. नखाच्या कडेपर्यंत तो निळा होता.

ओनोरीनला हुंदका आला. तो हात धरावा असं वाटलं, पण धरवेना.

"रडू नकोस. सगळं विसरले असं नाही," फिलोमेन म्हणाली. "आला की आधी माझ्या दारात पाठव. त्याला एक विचारायचंय. उत्तर काहीही असो, जेवूनच जाईल."

मग ती दगडाखालून सुटून वाऱ्याने उडालेली चिंधी आणायला उठली. ओनोरीनने निळ्या डागांचे तुकडे एकेक करून वेचले, न खरवडता, आणि कमरेच्या कापडात बांधले.