खुर्चीशिवाय एक फोटो

कालव्यावर बर्फ धरू लागला की आमच्या फ्रीसलँड प्रांतात कुणाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. माझं तर एरवीही नसतं. कित्येक हिवाळे नुसत्या चिखलात गेले होते, आणि त्या जानेवारीत एकदम हाडं गोठवणारी थंडी पडली. मी घटकेघटकेला काठावर जाऊन टाच आपटून बघायचो. गावच्या स्केटिंग मंडळाचा डुर्क बर्फाला भोक पाडायचा, जाडी मोजायचा आणि मान हलवायचा. "घरी जा रे राइंडर," तो म्हणायचा, "तू डोळे वटारलेस म्हणून काही तो लवकर गोठत नाही."

शनिवारी सकाळी त्याने बर्फ पक्का झाल्याचा झेंडा एकदाचा लावला. रात्रीपासून पाऊस आणि ऊब येणार, असं हवामानवाले सांगत होते. म्हणजे हातात एकच दिवस, तोही धड पुरा नाही.

मला त्या दिवसाकडून एवढंच हवं होतं: बाबांचा बर्फावरचा फोटो. माझे बाबा, वोब्बे, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी त्यांच्यामागे वारासुद्धा धापा टाकायचा, असं गाव सांगतं. पण पुरावा नाही. कारण घरातला कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. आमच्या अल्बमात आई आहे, मी आहे, शेजाऱ्यांची कुत्री आहेत, बाबा नाहीत. त्यांची सावलीसुद्धा नाही. फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्यावा हा त्यांचा पहिला नियम, आणि आपली सावली चौकटीत शिरू लागली की दोन पावलं बाजूला सरकावं हा दुसरा. "स्वतःची सावली फोटोत पाडतो तो फोटोग्राफर नव्हे, विजेचा खांब," असं म्हणून त्यांनी माझे लहानपणचे कितीतरी फोटो फाडले होते.

आता त्यांचे पाय लटपटतात. बर्फावर उतरायचं तर स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची पुढे ढकलत, तिची पाठ धरून. आमच्याकडे पोरं अशीच शिकतात. मीही ह्याच खुर्चीमागे शिकलो. पण म्हाताऱ्याचा ताठा तसाच. "खुर्चीसकट फोटो काढलास तर कॅमेरा कालव्यात जाईल," त्यांनी बजावलं. "एकदाच सोडीन मी ती. तेवढ्यात काय काढायचं ते काढ."

एकदाच! झालं, माझा जीव टांगणीला लागला. टेबलावर दोन कॅमेरे मांडून मी स्वयंपाकघरात येरझारा घालू लागलो. एक बाबांनीच मला दिलेला फिल्मचा, अंगापिंडाने जड, बॅटरीची भानगड नसलेला. दुसरा नवा डिजिटल, डोळ्याची पापणी लवायच्या आत दहा फोटो काढणारा.

"फिल्मचाच नेतो," मी बायकोला, बाउक्येला म्हणालो. "बाबांचा फोटो बाबांच्या कॅमेऱ्यावर."

"मग ने."

"पण चुकला तर? रोल धुवेपर्यंत कळायचंही नाही."

"मग दुसरा ने."

"थंडीत त्याची बॅटरी मान टाकते."

"राइंडर, बर्फ वितळेल, बाबा अंथरूण धरतील, मीही म्हातारी होईन, आणि तुझं तळ्यात-मळ्यात चालूच राहील. दोन्ही घे आणि टळ इथून!"

दोन्ही घेतले. जादा रोल मात्र टेबलावरच राहिला, हे बर्फावर गेल्यावर कळलं.

अख्खं गाव कालव्यावर उतरलं होतं. वाटाण्याच्या सुपाचा वास सुटला होता. मी नुसता वळवळत होतो. हात बसावा म्हणून काठच्या लव्हाळ्यांचे फोटो काढले, डुर्क काढला, पुलाखालून वाकून जाणाऱ्या बाया काढल्या. कधी ह्या कॅमेऱ्यावर, कधी त्या. डिजिटलवर प्रत्येक फोटोनंतर मान खाली घालून बघायचं, पुन्हा काढायचं. फिल्मचा काढला तरी सवयीने त्याच्याही पाठीकडे बघायचो, जिथे बघण्यासारखं काहीच नसतं.

"मी इथे आहे, पोरा," खुर्ची ढकलत जवळ आलेले बाबा म्हणाले. "त्या डबीत काय शोधतोस?"

रोलवर एकच फोटो शिल्लक राहिला तेव्हा मी भानावर आलो. तो बाबांसाठी राखला आणि त्यांना गर्दीपासून जरा दूर नेलं. पश्चिमेला ढग चढत होते, पण त्यांच्याखालून सूर्य अजून तिरपा येत होता. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"सूर्य माझ्या पाठीशी आहे, अकलेच्या कांद्या," ते म्हणाले. "काळाठिक्कर येईन मी. इकडून ये."

"हा सांभाळून घेतो, बाबा." मी डिजिटल उचलला. आधी ह्यावर दहा-बारा काढू, मग तो एक फिल्मवर, असा माझा शहाणा बेत. बटण दाबलं. पडदा काळा. बॅटरीने मान टाकली होती.

"हा धरा जरा," म्हणून मी फिल्मचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला, पाच-सहा पावलं मागे सरकलो, बॅटरी काढली आणि कोटाच्या आत काखेत खुपसली. अशी उबवली की कधीकधी तिच्यात पुन्हा धुगधुगी येते. खाली वाकून, दात-ओठ खात मी ती उबवत होतो, तेवढ्यात खट्ट झालं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

बॅटरी सावरून वर बघितलं तर बाबांचा हात खुर्चीच्या पाठीवर आणि कॅमेरा छातीवर. "संपला वाटतं रोल," ते म्हणाले.

"काय केलंत हे, बाबा? तुमच्यासाठी ठेवलेला होता तो!"

"थोबाड बघण्यासारखं झालं होतं तुझं."

मला इतका संताप आला की मी बर्फावर लाथ मारली आणि स्वतःच बसकण मारली. बॅटरी काही जागी झाली नाही. कुणाकडून तरी मोबाइल मागून आणतो म्हटलं, तर बाबांनी खुर्ची काठाकडे वळवलीसुद्धा.

"एकदाच म्हटलं होतं मी," ते म्हणाले.

"अहो, पण अजून सोडलीत कुठे?"

ते खुर्ची ढकलत चालू लागले. रात्री पाऊस आला आणि दुसऱ्या दिवशी कालव्यात बदकं पोहत होती.

तो रोल मी रागाने बरेच दिवस तसाच ठेवला. शेवटी बाउक्येनेच तो माझ्यापुढे आपटला. न्हाणीघरात धुतला, वाळवला, शेवटचा फोटो मोठा करून कागदावर उतरवला. ओल्या कागदावर मी हळूहळू उमटलो: वाकलेला, एक हात काखेत, तोंड कडू औषध प्यायल्यासारखं.

आणि फोटोच्या खालच्या कडेतून, बर्फावरून, एक लांबच लांब सावली थेट माझ्या स्केट्सपर्यंत आली होती. टोपी. कॅमेरा डोळ्याला लावलेले दोन्ही हात, दोन कोपरं बाहेर. फाकलेले दोन पाय. त्या पायांशी, हातांशी, कुठेही खुर्ची नव्हती. ती बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर, आपली वेगळी सावली पाडून उभी होती. तिचे दोन पाय तेवढे कडेला दिसत होते. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर माझा बाप बर्फावर स्वतःच्या पायांवर उभा होता, आणि मी काखेत बॅटरी उबवत होतो. मी तिथेच टबाच्या काठावर बसून रडलो.

फोटो पुरता वाळायच्या आत बाबांकडे धावलो. त्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं. कान लाल झाले.

"सावली आली रे," ते खजील होऊन म्हणाले. "सरकता येईना."

त्यांनी भिंग कडेला नेलं.

"हे काय? खुर्चीचे पाय?"

"कापतो, बाबा. आत्ता कापतो."

"काप," ते म्हणाले. "मग लाव भिंतीला."