दुसरी शेकोटी

वाद्यांचा अभ्यास करायला इथिओपियातून आलेली अल्माज भिवपुरीला राहिली ती राहिलीच. चित्रं काढी, गाई. संगीत आणि समाज या विषयात तिने डॉक्टरेट मिळवली होती; त्यामुळे दोन माणसांचं भांडण कसं मिटवावं, हे सोडून समाजाबद्दल तिला सगळं ठाऊक होतं.

तरी तिने एक मेळ जमवला होता. ठाकरवाडीचा नवशा ढोल वाजवी, चौक गावात गॅरेज चालवणारा रज्जाक खंजिरीसारखा मोठा दफ. तिच्या शेडची भिंत दोघांच्या घरच्या बायकांनी मिळून रंगवली होती. नवशाच्या बायकोचा मोर रज्जाकच्या बायकोच्या, रहिमाच्या वेलीवर बसला होता, आणि अजून कुणाची हरकत आली नव्हती.

मागच्या आठवड्यात अरुंद रस्त्यावर टेंपो आधी कुणी काढायचा यावरून नवशाचा पुतण्या आणि रज्जाकचा भाचा हातघाईवर आले. तेव्हापासून थोरल्यांचं बोलणं बंद. आज कार्यक्रम होता. श्रावणातल्या दमट हवेने वाद्यांची कातडी सैल पडलेली. वाजवण्याआधी ती विस्तवाशी धरून ताणून घ्यावी लागतात. त्यासाठी दरवेळी अंगणात एकच शेकोटी असे. आज दोघांचा मान राहावा म्हणून अल्माजने दोन टोकांना दोन पेटवल्या.

नवशा आला, दुसरी शेकोटी बघून थबकला. रज्जाकही थबकला. मग दोघांनी आपापलं वाद्य परत गुंडाळायला घेतलं.

हे दोघं आज उठले की मेळ संपला. अल्माज नवशाकडे धावली. रज्जाकला आमचा विस्तव चालत नाय, तर आमी कशाला थांबू, असं तो म्हणाला. रज्जाकने तेच उलट करून सांगितलं, फक्त जरा अदबीने.

अल्माजने बादली उचलली.

"दुसरी मीच पेटवली. मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली आणि रज्जाकपुढच्या शेकोटीवर पाणी ओतलं. कार्यक्रमाला जमलेले लोक धुराने खोकायला लागले.

"येवढी शिकलीस बाय, मला इचारायचं तरी," नवशा म्हणाला.

"मला तरी कुठं इचारलं?" पलीकडून रज्जाक.

दोघांनी तिला आळीपाळीने झापलं. ती मान खाली घालून उभी राहिली. मग तेही संपलं.

नवशाने ढोल विस्तवाशी धरला. रज्जाक दफ काखेत मारून निघाला, अंगणाच्या मध्यावर थांबला. फाटक उजवीकडे होतं. अल्माजने तिकडे बघायचं टाळलं.

तो नवशासमोर येऊन उकिडवा बसला.

"ढोल मागं घे रं. कातडं करपंल."

नवशाने ढोल वीतभर मागे घेतला. दफापुरती जागा झाली.