चौथ्या कॅनची रेघ

शुक्रवारी सकाळी दुधाचा टेंपो चालवणाऱ्या बिभीषणने खोकं उतरवून डेअरीच्या ओट्यावर ठेवलं, तेव्हा सुभद्राने त्याच्याकडे बघायचं टाळलं. गेले आठ दिवस ती टाळतच होती. गावाचं दूध मांजरसुंब्याच्या शीतकरण केंद्रातून आठवड्यातून दोन-तीनदा परत येत होतं, फाटलंय म्हणून. महिला दूध संस्थेची ती सचिव. मागच्या बैठकीत तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की, टेंपो वाटेत ढाब्यावर उभा राहतो, दूध उन्हात तापतं आणि खापर फुटतं बायांच्या डोक्यावर. बिभीषण तेव्हा दारातच उभा होता. तसाच निघून गेला होता.

आज मात्र तो खोक्यावर हात ठेवून थांबला.

"ताई, हे माझ्याचसाठी आणलंय ना?"

"तुझ्यासाठी न्हाई, दुधासाठी," ती म्हणाली. पण ते खरं नव्हतं आणि दोघांनाही ते माहीत होतं.

ते दोन हजार एकोणीसचं साल. आदल्या वर्षीचा पाऊस पोळ्याआधीच तोंड फिरवून गेला होता. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, निम्मी जनावरं रस्त्याकडेच्या चारा छावणीत. दूध इतकं घटलं की दूध संघाने जानेवारीतच टेंपोची संध्याकाळची फेरी बंद केली. आता रोज सकाळी चारच कॅन निघत, तीन गावातून भरून आणि चौथा छावणीतून. केंद्रात ते चारही एका मोठ्या भांड्यात ओतत, त्यातून एकच नमुना घेऊन उकळून बघत. फाटला की सगळ्या गावाचं दूध परत. शेवटी केंद्राचं पत्र आलं: कारण सापडलं नाही, तर एक तारखेपासून या गावाचं दूध बंद. एक तारीख सोमवारी होती.

संघाचे तांत्रिक साहेब रामहरी यांनी सुभद्राची धडपड बघून बीडहून हे यंत्र पाठवलं होतं. नवंकोरं, एका योजनेतून आलेलं. तापमान स्वतःच मोजत राहतं आणि नोंदवून ठेवतं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी सोमवारी येतो, तोवर खोकं उघडू नका, असंही बजावलं.

सोमवारी येऊन काय उपयोग? सुभद्राने खोकं आत नेलं, टेबलावर ठेवलं, भांडी घासायला घेतली, अर्धी घासून परत आली. ओटा झाडला. परत येऊन खोक्यावरची चिकटपट्टी नखाने चाचपली. दुपारी बाया आपापल्या घरी गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि ब्लेडने पट्टी उभी चिरली.

आत थर्मोकोलचे दोन भाग एकमेकांत असे घट्ट बसलेले की ओढताना कर्र्कन आवाज झाला. तिने दचकून दाराकडे बघितलं. मग प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात ओल धरू नये म्हणून टाकलेली पांढरी पुडी, आणि मग ते यंत्र. पहिल्यांदा तिचा हिरमोडच झाला. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढं ते, राखाडी, कोपऱ्यांना रबर लावलेलं, वर धरायला मूठ. एवढ्याशा डब्यावर गाव आशा लावून बसलं होतं. पण उचलल्यावर ते हाताला भारी लागलं. पुढच्या पडद्यावरची पातळ झिल्ली तिने तशीच ठेवली. मागची झडप उघडली, आणि तिथे तिचा हात थांबला.

झडपेच्या आत स्क्रूंच्या रांगा होत्या. प्रत्येक जोडीपाशी अधिक-उणेची खूण. अशा रांगा तिने शेवटच्या पाहिल्या त्या वीस वर्षांपूर्वी, बीडच्या आयटीआयमध्ये. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात तेव्हा दोनच मुली होत्या. लग्नानंतर तिने घरातला फ्यूज सोडला तर काही बांधलं नव्हतं. वेगळ्या पिशवीत लांब वायरी होत्या, टोकाला पेन्सिलीएवढी स्टीलची नळी असलेल्या. तिने एक वायर घेतली, दोन तारा दोन स्क्रूंखाली दाबल्या, बटण दाबलं. पडद्यावर आकडा उमटला: बत्तीस. खोलीत तेवढं असेलच. मग तिने ती नळी मुठीत घट्ट धरली.

आकडा खाली जाऊ लागला. एकतीस. तीस. अठ्ठावीस.

यंत्र बिघडलं. साहेबांनी सांगूनही उघडलं, आणि बिघडवलं. ती खोलीत दोन येरझाऱ्या घालून आली, इंग्रजी पुस्तकाची पानं उलटली, त्यातल्या एका चित्रावर नजर अडकली, आणि तिला एकदम कळलं की तारा उलट्या लागल्यात. अधिकची उण्याला. तिने स्क्रू सैल केले, अदलाबदल केली, पुन्हा मूठ आवळली. आकडा चढत चढत छत्तिसावर जाऊन थांबला. एकटीच असूनही तिने पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने हसू झाकलं.

मग तिला दम निघेना. चार वायरी चार जागी लावल्या. चुलीवर पाणी उकळत ठेवलं आणि चारही नळ्या त्यात सोडल्या. शंभर यायला हवं होतं, आलं सत्त्याण्णवच्या पुढे. पण आपलं गाव घाटावर, उंचावर, इथे पाणी थोडं आधी उकळतं, हे मास्तरांनी शिकवलेलं तिला आठवलं; आणि मुख्य म्हणजे चारही आकडे सारखे होते. चौघंही एकच सांगत होते, तेवढं तिला पुरलं.

शनिवारी सकाळी तिने गावातल्या तीन कॅनांत उकळून घेतलेल्या नळ्या सोडल्या, वायरी झाकणाच्या रबराखालून बाहेर काढल्या आणि यंत्र मांडीवर घेऊन टेंपोच्या मागे बसली. छावणीपाशी टेंपो थांबला. चौथा कॅन घेऊन पारूबाई उभ्याच होत्या. सत्तरीच्या, ताठ. छावणीतलं दूध गोळा करणं त्यांच्याकडे. संस्था निघाली तेव्हा घरोघर फिरून बाया जमवल्या त्यांनी, आणि सुभद्राला सचिव करा म्हणून हट्ट धरला तोही त्यांनीच. सुभद्राने चौथी नळी त्यांच्या कॅनमध्ये सोडली. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. दूध कुठं तापतं ते यात दिसंल, असं तिने सांगितलं. पारूबाई यंत्राकडे बघत राहिल्या.

पडद्यावर चार रंगांच्या चार रेघा सरकत होत्या. तीन जवळजवळ एकमेकींवर, चौतिसाच्या आसपास. चौथी खाली, एकोणतिसावर. पारूमावशींनी कॅन कसा गार ठेवलाय, असं सुभद्राच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं. टेंपो कुठेही न थांबता केंद्रावर पोचला. दूध त्या दिवशी घेतलं गेलं. परत येताना बिभीषण म्हणाला, "तुमी बसल्याव म्हणून मी थांबलो न्हाई, असंच म्हणणार तुमी. उद्या डबा एकटाच पाठवा."

रविवारी तिने यंत्र एकटंच पाठवलं, छावणीत चौथी नळी सोडायचं बिभीषणला सांगून. तो दिवस तिला खायला उठला. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. टेंपो आला तो भरल्या कॅनांसकट. दूध फाटलं होतं. बिभीषणने कॅन खाली ठेवले, यंत्र तिच्या हातात दिलं आणि तो तिथेच उभा राहिला. तिने सकाळच्या नोंदी पडद्यावर आणल्या. ढाब्यावर चहाला अकरा मिनिटं थांबलो, असं त्याने स्वतःच वेळेसकट सांगितलं. पण त्या अकरा मिनिटांत एकही रेघ अर्ध्या अंशानेसुद्धा चढली नव्हती. भरला कॅन अकरा मिनिटांत कुठे तापतोय? ती रेघ बोटाने पुन्हापुन्हा मागे-पुढे सरकवत राहिली, कुठेतरी चढ सापडेल म्हणून. सापडला नाही. बिभीषणने वाट पाहिली आणि तो गेला.

चौथी रेघ आजही एकोणतिसावर सुरू झाली होती.

ते तिला दुपारी, भाकरीचा तुकडा तोंडात असताना खटकलं. आत्ताच धार काढलेलं दूध गार कसं असेल? पाणी टँकरचं, पिण्यापुरतं. छावणीत कॅन गार करायला काय आहे?

उन्हं कलली तशी ती यंत्र घेऊन छावणीत गेली. तिचा नवरा शहादेव त्यांच्या दोन गायी घेऊन तिथेच राहत होता. तो धार काढत होता, तिने बादलीत नळी सोडली. छत्तीस. अर्धा तास ती तशीच बसून राहिली. चौतीस. शहादेवने विचारलं, कसलं एवढं चाललंय. ती उठली आणि पारूबाईंच्या शेडकडे चालू लागली.

पारूबाईंकडे त्यांच्या स्वतःच्या एका गायीखेरीज आणखी पाच होत्या. तीन घरं ऊसतोडीला जाताना आपली जनावरं त्यांच्या भरवशावर ठेवून गेली होती. संध्याकाळचं दूध एका पातेल्यात काढून त्यांनी त्यावर ओलं फडकं टाकलं होतं. सुभद्रा बसली. रात्रभर निवलेलं हेच दूध सकाळची रेघ खाली ओढत होतं; तिला विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी विचारावं लागलं.

"मावशी, हे सकाळच्या दुधात घालता?"

पारूबाईंनी फडकं सारखं केलं. "घालते. पहिलं संध्याकाळी टेंपो यायचा. बंद झाला. मग हे काय करू? घरी हुतो तवा हौदात पातेलं ठिवलं की सकाळपत्तुर टिकायचं. हितं हौद हाय का?"

"फाटतं ते ह्याच्यानंच."

"वारं सुटलं की टिकतं. न्हाई सुटलं की..." त्या थांबल्या. "लोकांची जनावरं हायती ती. त्यांच्या गाईचं दूध मी वतून देऊ? आल्यावर काय तोंड दाखवू?"

सुभद्राला राग यायला हवा होता. आठ दिवस गावभर बोलणी खाणाऱ्या माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि राग आला तो स्वतःचाच. ती उठून परत आली.

सोमवारी रामहरी साहेब आले ते उघडलेलं खोकं बघून तडकले. नव्या यंत्राला परवानगीशिवाय हात लावला म्हणून त्यांनी तिला चार बायांदेखत फैलावर घेतलं. मग झडप उघडून त्यांनी तारा बघितल्या, नोंदी बघितल्या, आणि हे कोणी जोडलं, असं विचारलं. मी, असं तिने सांगितलं. तिथूनच त्यांनी केंद्राला फोन लावला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

दुपारी बैठक बसली. पारूबाई आल्या नव्हत्या. बिभीषणला मात्र सुभद्राने निरोप धाडून बोलावलं होतं. ती उभी राहिली. सगळ्या रेघा, सगळे आकडे तिने समजावून सांगितले आणि मग बिभीषणकडे बघून म्हणाली, "चूक माझी. तुझी काही चूक न्हाई. मी न बघताच बोलले." तो खाली बघत मान हलवून उठला, टेंपोचं टायर बघायचंय म्हणत बाहेर गेला. तिने आणखी कोणाचं नाव घेतलं नाही. छावणीच्या कॅनमध्ये संध्याकाळचं दूध येतं एवढंच बोलली. पण तो कॅन कोण भरतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, कुजबुज वाढली. ती वाढू नये म्हणूनच की काय, छबुबाई मध्येच बोलल्या. त्यांचं माहेर खव्याच्या भट्टीवरचं. त्या म्हणाल्या की संध्याकाळचं दूध टिकवायचं कशाला, आटवा; कढई माझी, जळणाला उसाचं पाचट छावणीत पडलंच आहे, खवा मांजरसुंब्याला हॉटेलवाले घेतात.

मंगळवारपासून छावणीत दिवस मावळायच्या आत कढई चढू लागली. त्या आठवड्यात दूध परत आलं नाही, पुढच्याही नाही. रामहरी साहेब यंत्र खोक्यात भरून दुसऱ्या गावाला घेऊन गेले. जाताना सुभद्राला म्हणाले की पुढच्या वेळी कुठे लावायचं झालं तर तुम्हालाच बोलावीन.

पारूबाई कढईशी येत, सगळ्यांबरोबर खवा हलवत, पण सुभद्रा आली की त्यांचं तोंड मिटायचं. एप्रिल सरत आला तशी तोडीवरची माणसं परतली. पारूबाईंनी तिन्ही घरांच्या गायी ज्याच्या त्याच्या हातात दिल्या आणि त्याच दिवशी डेअरीत आल्या. सुभद्राने घाईघाईने सतरंजी पसरली. त्या बसल्या नाहीत.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," त्या म्हणाल्या. "पैल्यांदा दूध फाटलं तवाच मी सांगणार हुते. त्या बैठकीला त्येच सांगायला आलते. पर तू बिभीषणचं नाव घेतलंस. मग मला गप बसायला सोपं गेलं."

एवढं बोलून त्या पायऱ्या उतरून गेल्या. सुभद्रा सतरंजीची एक कड हातात धरून तशीच उभी राहिली. बाहेर बिभीषण टेंपोत कॅन चढवत होता. तिने सतरंजी टाकली, बाहेर गेली आणि कॅनचा दुसरा कान धरला.