वनस्पती तुपात अडकलेले सांडूभाऊ

दुपारचे दोन वाजायला आले, तशी गारखेड्यातल्या कडूबाईंच्या पत्र्याच्या खोलीपुढे मुंगीला वाट मिळेना. आत टेबलावर चावीचा जुना ग्रामोफोन. कोणी हात न लावता तबकडी फिरू लागली आणि कर्ण्यातून जाड, खोल आवाज घरंगळला, "ऊंऽऽ... घूंऽऽ..."

"सांडूच हाय," शेजारची केसरबाई म्हणाली. "जेवल्यावर अस्संच घोरायचा."

कडूबाईंचे नवरे सांडूभाऊ जाऊन वर्ष उलटले होते. हा ग्रामोफोन एवढीच त्यांची आठवण कडूबाईंजवळ उरली होती आणि ती ध्वनिनाथ महाराज उद्या आपल्या मठात नेणार होते.

"माय, आत्मा यंत्रात कोंडलाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मठात मोकळा करू. कर्णा पितळी हाय नव्हं? मंग लवकर मोकळा व्हईल."

गर्दीत अंगदसर उभे होते. आयटीआयमध्ये तीस वर्षे फिटर घडवलेला हा माणूस भुताचेही आधी माप घेणारा. चार दिवस ते वहीत वेळ आणि तापमान टिपत होते. आत्मा पत्रा तापल्यावरच येई. एका दुपारी आभाळ आले, तर त्याने चक्क दांडी मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मठाचा टेम्पो आला, तेव्हा सर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन हजर होते.

"कडूबाई, चावी दिली का?"

"व्हय सर. ते रोज द्यायचे, म्हणून मी बी देते. सुई ठेवते. फिरत नाय, मंग तसंच सोडते."

सरांनी पिशवी यंत्राच्या पोटाला बांधली. पंधरा मिनिटांत सांडूभाऊ घुमू लागले. मग सरांनी बर्फाचे फडके गुंडाळले. सांडूभाऊ हळूहळू गप्प झाले.

"महाराज, आत्म्याला सर्दी झाली काय?" केसरबाईने विचारले.

"आज वेळ चुकून आला व्हता," महाराज पुटपुटले.

"मग अजून एकदा चुकवू," म्हणत सरांनी पुन्हा पिशवी बांधली. सांडूभाऊ पुन्हा हजर.

सरांनी आधी स्प्रिंगचा पीळ सावकाश उतरवला आणि मगच झाकण खोलले. आत पिवळट गोळा अर्धवट वितळला होता. "हे कुणी घातलं?"

कडूबाईंची मान खाली गेली. "वर्षश्राद्धाला कावळा शिवला नाय. त्यांचा जीव मशिनीत, म्हणून पानावरचं वनस्पती तूप मीच आत वतलं."

"तूप थिजलं की चाकं अडतात, पत्रा तापला की वितळतं आणि दिलेली चावी मोकळी होते. पण चिकटपणानं तबकडी मंद फिरते, म्हणून आवाज जाड होतो."

सरांनी चाके रॉकेलने धुतली, पातळ तेल दिले, वेगाचा स्क्रू जुळवला आणि पुन्हा चावी दिली. कर्ण्यातून बाईचा गोड, नाजूक आवाज खोलीभर पसरला.

"आत्ता गं बाई," कडूबाई म्हणाल्या, "म्हंजी चार दिवस मी परक्या बाईपुढं डोईवरचा पदर सावरीत व्हते?"

लोक हसून लोळेपर्यंत महाराजांचा टेम्पो रिकामाच वळला.

"चमत्कार दिसला की आधी झाकण उघडा," सर स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाले. "हात जोडायचेच असतील, तर ते नंतरही जोडता येतात."

कडूबाईंनी यंत्र पुसले आणि रोजच्यासारखी चावी दिली. आता ते लगेच फिरले.