शून्य बाकीचा उपचार

“अहो, कोपर आवरा जरा. माझ्या बरगड्यांत बिऱ्हाड थाटताय का?” पुढची बाई पुटपुटली.

गर्दी दवाखान्यात नव्हती. समोरच्या गाळ्यात, आकडेगुरूंपुढे होती. दवाखान्याच्या टोकनावर नंबर शेजारी शेजारी दोनदा छापलेला असतो. अर्धं फाडून कंपाउंडरला द्यायचं, तेव्हा औषध मिळतं. गुरूंची आज्ञा अशी की टोकन फाडायचं नाही. म्हणजे औषधही नाही. पण इतक्या किरकोळ गोष्टीत कोण लक्ष घालतो?

माझ्या धाकट्या जावेचं टोकन ३८६३८६. साखरेचं इंजेक्शन तिने चार दिवस घेतलं नव्हतं. चक्कर येत होती म्हणून सासऱ्यांनी तिचा दंड धरला होता.

“सात वारांचा सात,” गुरू म्हणाले. “भाग घाल. बाकी?”

जावेने कॅल्क्युलेटर दाबला. “शून्य.”

“आलेल्या उत्तराला अकराने भाग. दहा दिशा, अकरावे आम्ही.”

“शून्य.”

“आता तेरा.” तेरा कशाचे ते गुरूंना आठवेना. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्यांना पटलं.

“बाकी शून्य. उत्तर तीनशे शहाऐंशी. ताई, माझाच नंबर परत आला हो.”

“तू परत आलीस, रोगाची बाकी शून्य. औषध बंद.”

माना डोलल्या. मी पुढे सरकले. “बाहेरच्या हातगाडीचा नंबर नऊशे चार आहे. तिचंही बघता का?”

“निर्जीव वस्तूला फळ नाही, बाई.”

“नसू दे. दोनदा लिही गं, नऊशे चार नऊशे चार.”

जावेने तिन्ही भाग घातले. नऊशे चार परत आले. मागून कोणीतरी म्हणालं, “चला, हातगाडीचीही साखर गेली.”

“असं कसं, ताई?”

“तीन आकडी नंबर दोनदा लिहिला की त्याची एक हजार एक पट होते. तुझा नंबर गुणिले हजार, वर तोच एकदा. आता सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार कर.”

तिने केला. “एक हजार एक.”

“छापखान्याने गुणलं, यांनी तीन हप्त्यांत भागलं. कुठलाही नंबर घरी परतणारच. गणित सुंदर आहे, त्याचा तुझ्या रक्ताशी संबंध नाही. साखर बघायची तर रक्तच तपासावं लागतं.”

गुरू हसले. “संशयाने फळ नासतं. इथून किती जण बरे होऊन गेले, विचारा यांना.”

सासऱ्यांनी जावेला दवाखान्याच्या दाराकडे वळवलं.

“तुमच्या सासूबाईंची वेळ आली होती, असं आपण वर्षभर म्हणतोय,” ते म्हणाले. “वेळ आली नव्हती. इथून गेल्यावर तिचं औषध मी बंद केलं, म्हणून ती गेली.”