हातोहात

“सरका जरा, सिस्टर.”

चर्चमधला शेवटचा बाक आठ जणांचा होता आणि त्यावर सिस्टर एकटीच बसली होती. सरकायला सांगण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. तिने वर पाहिले आणि हातातले गीतपुस्तक घसरले. शेजारी त्या मुलीची आई उभी होती.

नर्सचा गणवेश उतरवून ती लाँड्रीत इस्त्री करू लागली, तरी लोक तिला सिस्टरच म्हणत. मुलांच्या वॉर्डात तापाने आलेल्या एका मुलीला तिने चुकीच्या बाटलीतले इंजेक्शन दिले होते. मुलगी गेली. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्याबद्दल चौकशी समितीने व्यवस्थेला दोषी ठरवले. व्यवस्थेला त्यानंतरही शांत झोप लागत असावी. सिस्टरला लागत नव्हती.

या चर्चमध्ये प्रभुभोजनाची एक जुनी रीत होती. येशूच्या आठवणीचा तो द्राक्षरसाचा प्याला आपण होऊन उचलायचा नाही. शेजाऱ्याने ‘तुझ्यासाठी’ म्हणत पुढे करायचा, आपण घोट घेऊन तसाच पुढच्याला द्यायचा. मुलीला पुरल्यानंतरच्या रविवारी प्याला येताना पाहून सिस्टरने मान हलवली आणि ती मागे जाऊन बसली. मंडळीने तिची लाज इतक्या तत्परतेने मान्य केली, की त्या तत्परतेला सहानुभूती म्हणावे की सुटकेचा निःश्वास, हे ठरवणे अवघड. तेव्हापासून प्याला तिच्या अलीकडच्या बाकावरूनच परत फिरे.

“कोणत्या तोंडानं येते गं ही?”

“येऊ दे की. कोपऱ्यात बसते बिचारी. आपलं काय जातंय?”

ज्यात आपले काहीच जात नाही, त्याला त्या मंडळीत कृपा म्हणत.

पाळकसाहेबांनी एकदा लाँड्रीत येऊन समजावून पाहिले होते. “सिस्टर, देवानं तुम्हाला केव्हाच क्षमा केलीय.”

“देवाचं काय गेलं, पाळकसाहेब?” इस्त्री न थांबवता ती म्हणाली. “गेली ती त्या बाईची.”

दरवर्षी देवाच्या क्रुसावरच्या पुत्राविषयी तासभर बोलणाऱ्या पाळकांनी आपले शर्ट मोजून घेतले. आणि ते निघून गेले.

आणि आज ती बाई दुसऱ्या रांगेतली आपली जागा सोडून इथे आली होती. प्याला घेऊन फिरणाऱ्या कारभाऱ्यांना तिच्यामागे शेवटच्या बाकापर्यंत यावेच लागले. तिने प्याला घेतला, पण ओठांना लावला नाही. तशीच सिस्टरकडे वळली.

“आधी तुम्ही घ्या.”

“नको, ताई. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“माझ्याच्यानं तरी कुठं होतंय?” आई दबक्या आवाजात म्हणाली. “मी तुम्हाला माफ केलंय, असं मनात आणू नका. रोज ठरवते, रोज फसतं. पण प्याला माझा नाही, सिस्टर. माझा असता तर दिला नसता.”

“मग कशाला आलात?”

“तुम्ही मागं कोरड्या बसायचं आणि मी पुढं बसून प्यायचं. घशाखाली उतरेना हो.”

पुढची डोकी हळूच मागे वळली आणि तितक्याच हळूच पूर्ववत झाली.

‘तुझ्यासाठी’ हा शब्द आईला दुसऱ्या प्रयत्नात जमला. सिस्टर प्यायली. मग तिच्या ध्यानात आले, की आता प्याला पुढे द्यायचा. आणि पुढे या बाईखेरीज कोणीच नव्हते. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. हाच तो हात.

“द्या ना,” आई म्हणाली. “मी थांबलेय.”

सिस्टरने प्याला पुढे केला. थोडा द्राक्षरस तिच्या बाहीवर सांडला.

“तुझ्यासाठी.”

आईने डोळे मिटले आणि कडू औषध घ्यावे तसा एक घोट घेतला. तिला ठसका लागला. वॉर्डातल्या सवयीने सिस्टरचा हात तिच्या पाठीकडे गेला आणि भान येऊन मधेच थबकला.

आई खोकत राहिली. पाठ मात्र तिने बाजूला घेतली नाही.