सात नंबरची विश्रांती

योगिता धारूर गावी आपल्या घरी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली होती आणि समोरचा आकडा बघून तिचं तोंड कडू झालं होतं. तिचा अंदाज साफ कोसळला होता.

अंदाज विहिरीचा; पण पाण्याच्या नव्हे, समुद्रातल्या गॅसच्या. कुठली विहीर पुढे किती गॅस देईल हे पुण्याच्या कंपनीसाठी सांगायचं, हे तिचं काम. सात नंबर ही तिने एकटीने हाताळलेली पहिली विहीर. या गॅसची खोडच अशी, की खडकातला दाब उतरला की त्यातूनच पातळ तेल सुटतं, विहिरीभोवती साचतं आणि मागच्या गॅसची वाट अडवून बसतं. योगिताने ठासून लिहिलं होतं: आठ दिवस विहीर बंद ठेवा, दाब वाढेल, तेल पुन्हा गॅसमध्ये विरेल, सहा महिने उत्पादन दीडपट. कंपनीने ऐकलं. विहीर उघडली, दोन दिवस उसळली आणि तिसऱ्या दिवशी होती तिथेच आली.

हे डोक्यात आलं कुठून, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे वडील, सुग्रीवअण्णा, बोअरची मोटार तासभर चालवून दोन तास बंद ठेवत. पाणी परत भरे. डोंगराकडेला सगळ्यांचीच ही रीत. गणिताने शंका काढली होती, पण जन्मभर डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे तिने गणिताला गप्प बसवलं. एवढं शिकून हे दिवे लावले! तिला स्वतःचाच संताप आला.

वरिष्ठ दिपाली मॅडम फोनवर म्हणाल्या, "खुलाशात मोजमाप अपुरं होतं असं लिही. कुणी खोलात जाणार नाही."

"मोजमाप पुरेसं होतं मॅडम. मीच मानलं नाही."

"मग पुढच्या दोन विहिरी तुला मिळणार नाहीत. बघ बाई."

दारात उभ्या अण्णांनी सगळं ऐकलं होतं. "कावून गं? इसावा देऊनबी भरली न्हाई?"

"पाणी असतं तर भरलं असतं, अण्णा. तेल खडकाला धरून बसलंय."

"मग लिही की, बापाचं बघून केलं म्हून. आमी अडाणीच."

"तुमचं बोअरचं बरोबरच हाय. विहीर माझी होती."

तिने लिहिलं, 'बंद ठेवल्याने विहीर सुधारेल, हे मी पुराव्याशिवाय गृहीत धरलं.' खुलासा पाठवून दिला. तासाभरात मॅडमचा निरोप आला: दोन्ही विहिरी परमेश्वरकडे. परमेश्वर ऑफिसात तिच्याच शेजारच्या टेबलावरचा. योगिताला रडू फुटलं. अण्णा तिच्याशेजारी येऊन बसले.

मग फोन वाजला. परमेश्वरच होता.

"योगिता, तुझा खुलासा आत्ता वाचला. अगं, माझ्याकडची अकरा नंबरची विहीर आठ दिवस बंद ठेवा म्हणून मी लिहून बसलोय. तुझाच जुना अहवाल समोर ठेवून."

तिने डोळे पुसले. "पाठवलंस?"

"नाही अजून."

"खोड ते आधी," ती म्हणाली. "आणि दाब किती उरलाय, ते मला वाचून दाखव."